प्रश्न तुमचे: ‘मुलं सांभाळायला कसला आलाय कोर्स?’

मागच्या अंकात म्हटलं होतं की व्होकेशनलला बालसंगोपन आणि बालविकास घेतलेल्या मुलामुलींनी काय अडतंय ते कळवा, तर इतके मेसेज आले की निम्मे पुढच्या वेळेवर ढकलावे लागतायत. नावं मुद्दाम छापत नाहीये, कारण बऱ्याच जणांनी आपल्या प्रॅक्टिकलच्या सेंटरबद्दल लिहिलंय.

ताई, मी व्होकेशनलला अर्ली चाइल्डहुड केअर घेतलंय तर घरी सगळे हसतात, म्हणतात मुलं सांभाळायला कसला आलाय कोर्स, आपल्या आज्यांनी काय डिप्लोमा केला होता का. आणि खरं सांगू का, प्रॅक्टिकलला गेलं की दिवसभर डायपर, नाक पुसणं, हात धुणं, झोपवणं हेच चालू. मला शिकवायचं होतं. कोर्स चुकला का माझा?

अगं कोर्स बरोबर आहे, फक्त त्यातलं खरं काम कुठलं आणि वरकाम कुठलं याची वाटणी तू उलटी केलीयेस.

आधी घरच्यांचं बघू. आज्यांनी मुलं वाढवली आणि त्यांना पुष्कळ काही येत होतं हे कबूलच, पण ती घरातली मुलं होती, जन्मापासून ओळखीची, कोण भुकेनं रडतंय आणि कोण झोपेनं हे त्यांना न बघता कळायचं. तुला एका खोलीत परक्या घरांतली सात-आठ मुलं मिळणार, एकाला दात येतायत, एक रात्रभर झोपलेलं नाही, एकाच्या घरी बोलतात ती भाषा तुला येत नाही, आणि संध्याकाळी प्रत्येकाच्या आईबाबांना तू काय उत्तर देणार? हे नुसत्या मायेवर निभत नाही गं. घरच्यांना आकडेच लागत असतील तर सांग की अमेरिकेत मिशिगनमधल्या यप्सिलांटी गावात १९६२ साली गरीब घरांतल्या १२३ मुलांचा एक अभ्यास सुरू झाला, काहींना चांगली बालशाळा मिळाली, काहींना नाही, आणि संशोधक ती चाळिशीची होईपर्यंत त्यांच्या मागावर राहिले. ज्यांना बालशाळा मिळाली त्यांचं शिक्षण आणि कमाई सरस निघाली, अटकेचं प्रमाण कमी निघालं. २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले जेम्स हेकमन यांनी ह्याच आकड्यांवर बरंच काम केलंय. १२३ ही संख्या छोटी आहे, त्यावर वादही होतात, ते लपवू नकोस, पण ‘कसला आलाय कोर्स’ याला एवढं उत्तर पुरे.

आता डायपरचं. बुडापेस्टमध्ये एमी पिकलर नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या, त्यांनी १९४६ साली लोत्सी रस्त्यावर पोरक्या बाळांसाठी एक घर सुरू केलं. युद्ध नुकतंच संपलेलं, बाळं भरपूर आणि सांभाळणारे हात मोजके. त्यांनी ठरवलं की सगळ्यांकडे सारखं लक्ष दिवसभर पुरणारच नाही, तर अंघोळ, भरवणं, कपडे बदलणं ही जी वेळ प्रत्येक बाळाला मिळतेच मिळते ती पूर्णपणे त्याची करायची, घाई करायची नाही, आणि जे करणार ते आधी त्याला सांगायचं. बाकीच्या वेळात बाळ जमिनीवर मोकळं, आपलं आपण खेळेल.

प्रत्यक्षात म्हणजे कसं, तर बाळाला मागून येऊन उचलायचं नाही. समोर जायचं, हात पुढे करायचे, ‘चल, डायपर बदलूया’ म्हणायचं आणि दोन-तीन सेकंद थांबायचं. हे थांबणंच जमत नाही कोणाला. ‘आता हा पाय’ म्हणून थांबत गेलीस की काही दिवसांनी बाळ आपणहून पाय उचलायला लागतं, करून बघ. सामान सगळं आधीच हाताशी, एक हात कायम बाळावर, पुसायचं पुढून मागे, आणि शेवटी तुझे हात तर धुवायचेच पण बाळाचेही, ते बरेच जण विसरतात. आता तूच मोज, त्या पाच मिनिटांत भाषा आली, अवयवांची नावं आली, आपली पाळी येईपर्यंत वाट बघणं आलं, समोरच्या माणसावर विसंबणं आलं. तुला शिकवायचं होतं ना, मग हे काय चाललंय? फळ्यापुढे उभं राहून दीड वर्षाच्या मुलाला काय शिकवणार होतीस?

निरीक्षण वहीत मी लिहिलं होतं की ‘आज हा मुलगा खूप हट्टी आणि चिडचिडा वागला’. मॅडमनी लाल पेनाने लिहिलंय, ‘हे निरीक्षण नाही’. मग काय आहे हे?

तो तुझा निकाल आहे. खटला कुठेय?

मॅडमना काय हवं असणार ते लिहून दाखवते. ‘सकाळी १०.२०. क, वय २ वर्षं ४ महिने, ठोकळ्यांजवळ बसलाय. स ने त्याच्या हातातला लाल ठोकळा घेतला. क म्हणाला, माझा. स ने बघितलं नाही. क परत म्हणाला, माझा, आवाज मोठा. स पाठ करून बसली. क ने उरलेले ठोकळे पायाने उडवले, दारापाशी जाऊन बसला, साधारण ४ मिनिटं.’ आता यात मला हट्टी मुलगा दिसत नाही, दोनदा तोंडाने सांगून बघितलेला आणि कोणी ऐकलं नाही म्हणून उठून गेलेला मुलगा दिसतो. तू ‘हट्टी’ लिहिलंस की त्या खोलीतला पुढचा माणूस ते वाचून त्याच्याशी हट्टी मुलासारखाच वागणार, आणि असं लेबल एकदा चिकटलं की वर्षभर निघत नाही.

काही साध्या गोष्टी. नाव लिहायचं नाही, एखादं अक्षर टाकायचं. वय नेहमी वर्षं आणि महिने, कारण २ वर्षं १ महिना आणि २ वर्षं ११ महिने ही दोन वेगळी माणसं आहेत. मूल बोललं ते त्याच्या शब्दांत, बोबडं असेल तर बोबडं. पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे काय दिसलं आणि उजवीकडे मला काय वाटतं असं ठेवलंस तर दोन्हींची गल्लत होणार नाही, आणि उजवी बाजू त्या दिवशी रिकामी राहिली तरी चालेल. आणि एक, महिनाअखेर वही चाळून बघ कोणाची पानं भरलीयेत ती. दंगा करणाऱ्यांचीच भरलेली असतात. कोपऱ्यात शांत बसणाऱ्या मुलाचं पान कोरं, आणि खरं लक्ष तर तिथेच द्यायचं असतं बऱ्याचदा.

चौदा महिन्यांचं बाळ आहे आमच्या सेंटरला, अजून चालत नाही. त्याची आई रोज मलाच विचारते, काही प्रॉब्लेम आहे का. मी काय सांगू? पुस्तकात बारा महिने लिहिलंय.

पुस्तकात सरासरी लिहिलीये. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या निरोगी बाळांवर केलेला अभ्यास २००६ साली छापला, त्यात एकट्याने चालायला लागण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. म्हणजे नऊ महिन्यांहून जास्त फरक, आणि दोन्ही टोकांची बाळं ठणठणीत. साधारण ४ टक्के बाळं तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी चालली. तेव्हा चौदा महिने ह्या एकाच गोष्टीवरून घाबरायचं कारण नाही.

पण तू ‘काही नाही हो, होईल’ असंही म्हणायचं नाही, निदान करणं जसं तुझं काम नाही तसं निर्धास्त करणंही नाही. तू जे बघतेस ते सांग: धरून उभं राहतं का, धरून बाजूला पावलं टाकतं का, दोन्ही हात-पाय सारखे वापरतं का, हाक मारली की वळून बघतं का. आधी येत असलेली गोष्ट यायची बंद झाली असेल, किंवा एकच बाजू वापरत असेल, तर वय काहीही असो, डॉक्टरांकडे लगेच. आणि हे सगळं आईशी बोलायच्या आधी सेंटरच्या मुख्य ताईंच्या कानावर घाल, प्रॅक्टिकलच्या विद्यार्थिनीने परस्पर असं बोलू नये.

माझ्या गटातला एक मुलगा चावतो. वय पावणेदोन. ज्या मुलीला चावला तिची आई चिडून विचारत होती कोण चावलं, मी नाव सांगून टाकलं. चुकलं का?

हो, चुकलं. संध्याकाळपर्यंत ते नाव सगळ्या पालकांत फिरलं असणार. ‘काय झालं, कधी झालं, आम्ही लगेच काय केलं आणि पुढे काय करणार’ एवढं सांगायचं, नाव नाही, कितीही खोदून विचारलं तरी नाही.

चावण्याबद्दल सांगायचं तर एक ते तीन वयात हे खूप कॉमन आहे, शब्द कमी असतात, दात नवीन असतात आणि खोलीत गर्दी असते. आधी जिला चावलंय तिच्याकडे जायचं, जखम धुवायची, तिला जवळ घ्यायचं, चावणाऱ्याकडे लक्ष नंतर, नाहीतर चावलं की मोठी माणसं धावत येतात हे त्याच्या लक्षात येतं. मग त्याच्या उंचीला बसून एकच छोटं वाक्य, ‘चावायचं नाही, तिला दुखतं’. भाषण नको. उलट चावून दाखवा म्हणणारे भेटतील, ऐकू नकोस. खरं काम त्यानंतरचं आहे: आठवडाभर लिहून ठेव की चावण्याच्या आधी काय चालू होतं, किती वाजले होते, कोण जवळ होतं, नंतर काय झालं. पुष्कळदा असं निघतं की सगळे प्रसंग जेवणाच्या आधीचे, किंवा एकाच खेळण्यावरून, किंवा सगळे दाराशी एकत्र उभे असताना. मग दोन एकसारखी खेळणी ठेवलीस, दाराशी सगळ्यांना एकदम न नेता थोडे थोडे नेलंस की निम्मं मिटतं.

सेंटरमधले मुलांचे गोड फोटो स्टेटसला टाकले तर चालतात का? चेहऱ्यावर इमोजी टाकून?

नाही. इमोजी टाकूनही नाही.

थिअरीत बालविकासाच्या अभ्यासकांची सगळी नावं मिक्स होतात, पियाजे, वायगॉट्स्की, पार्टेन, एन्सवर्थ, पाठ करते आणि पेपरात उलटंसुलटं लिहून येते. काही ट्रिक आहे का?

ट्रिक एकच, प्रत्येक नावाला तू स्वतः बघितलेलं एक मूल चिकटव. दोन मुली शेजारी बसून एकसारख्याच भांड्यांशी खेळतायत पण एकमेकींशी काही देणंघेणं नाही, ही मिल्ड्रेड पार्टेन, समांतर खेळ, १९३२. जॅकेटची चेन लावताना तू खालचं टोक धरलंस आणि वर मुलाने स्वतः ओढली, एकट्याने जमलं नसतं पण तेवढ्याशा मदतीने जमलं, हा वायगॉट्स्की (बिचारा ३७ वर्षांचा असताना गेला, १९३४ साली, आणि त्याचं बरंचसं काम बाहेरच्या जगाला कित्येक वर्षांनी कळलं). खेळणं रुमालाखाली झाकलं की सहा महिन्यांचं बाळ शोधत नाही, जणू ते जगातून नाहीसंच झालं, हा पियाजे, त्याने स्वतःच्या तीन मुलांवर बघून बघून हे लिहिलंय.

आणि पियाजेचं पुढचंही लिही पेपरात, मार्क मिळतील. १९८५ मध्ये रेने बायार्जाँ आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाच महिन्यांच्या बाळांना एक पडदा दाखवला, मागे ठोकळा ठेवलेला असताना पडदा त्याच्या आरपार गेल्यासारखा सपाट आडवा झाला, तर बाळं त्या अशक्य दृश्याकडे जास्त वेळ बघत राहिली. म्हणजे झाकलेली वस्तू आहे हे त्यांना आधीपासूनच काहीसं माहीत असावं, फक्त हात घालून शोधता येत नाही. असं एखादं भांडण माहीत असलं की थिअरी पाठांतर राहत नाही, कोण कोणाला काय म्हणालं ते आपोआप लक्षात राहतं.

मेरी एन्सवर्थसाठी खालचा प्रश्न वाच.

एक बाळ आहे १३ महिन्यांचं, आई सोडून गेली की खूप रडतं म्हणून सेंटरमधल्या एक ताई आईला म्हणतात ते खेळात असताना हळूच निघून जा. मला ते पटत नाही पण मी स्टुडंट आहे, बोलू का?

तुला पटत नाही ते बरोबरच आहे. हळूच गेलं की त्या दिवसाचं रडणं कमी होतं आणि पुढच्या दिवशी ते बाळ आईचा कपडा मुठीत धरून बसतं, कारण आता त्याला कळलंय की आपण वळलो की आई गायब होते. ह्या वयात रडणं वाढतंच, साधारण आठ-नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत जास्त, आणि ते ओढ असल्याचं लक्षण आहे, काही बिघडल्याचं नाही. निरोप छोटा ठेवायचा, रोज एकसारखा, आईने ‘मी झोपेनंतर येते’ असं बाळाला समजेल अशा वेळेने सांगायचं (घड्याळाचा त्याला काय उपयोग), तुझ्या हातात द्यायचं आणि जायचं, परत वळून यायचं नाही. बाळाला घेणारं माणूस शक्यतो रोज तेच असावं.

एन्सवर्थने वर्षा-दीड वर्षाच्या बाळांवर जे प्रयोग केले त्यात आई खोलीतून थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते, आणि सगळ्यांना वाटतं की मुद्दा रडण्याचा आहे, पण तिने सगळ्यात बारकाईने बघितलं ते परत आल्यावर बाळ काय करतं ते. झेपावून जाऊन शांत होतं, की जवळ जाऊनही ढकलतं, की बघतच नाही. तेव्हा सकाळच्या रडण्यावरून अंदाज बांधू नकोस, संध्याकाळी आई दारात दिसते तो अर्धा मिनिट बघ. मात्र ते बघून कुठल्या बाळावर ‘हे अमुक प्रकारचं’ असा शिक्का मारू नकोस, ते काम शिकलेल्या संशोधकांचं आणि ठरलेल्या पद्धतीनेच करायचं असतं.

बोलायचं कसं, तर ताईंना सगळ्यांसमोर चूक म्हणू नकोस. ‘आम्हाला कॉलेजात असं शिकवलंय, आठवडाभर करून बघू का, मी रोज किती मिनिटं रडलं ते लिहीन’ असं विचार. मिनिटं लिहिलेली असली की वाद तुझा-माझा राहत नाही.

टीचिंग एड म्हणून मी रंगीत मणी आणि बटणं लावून मस्त बोर्ड बनवला, दोन वर्षांच्या मुलांसाठी. मॅडमनी परत दिला. दोन रात्री जागले होते ताई.

जागलीस त्याचं वाईट वाटतं पण मी पण परतच दिला असता. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला एक नळकांडं असतं, त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर, आत मावेल ती वस्तू घशात अडकू शकते असं धरतात. बटण तर आरामात मावतं. चिकटवलंय म्हणशील, पण दोन वर्षांचं मूल नखाने, दाताने, आपटून, सगळ्या प्रकारे काढून बघतं, तेच त्याचं शिक्षण चालू असतं. तोच बोर्ड मोठ्या कड्या, मोठे लाकडी तुकडे, जाड कापड वापरून कर. आणि सजावट कमी, एका बोर्डवर एकच काम. बटण सेलवर (घड्याळात असतो तसा चपटा गोल सेल) चालणारं काही तर अजिबात नको, तो सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

मी क्लासमधला एकटा मुलगा आहे. मुलं माझ्याकडे पटकन येतात पण काही पालक बघतात विचित्र. एका आईने सांगितलं माझ्या मुलीचं डायपर यांनी बदलायचं नाही. सोडून देऊ का?

सोडू नकोस रे. बहुतेक सगळ्या देशांत ह्या कामात पुरुष अगदी थोडे आहेत, नॉर्वेने मुद्दाम प्रयत्न केले तरी तिथेही बायकाच कितीतरी जास्त, म्हणजे हे एकट्या तुझ्या सेंटरचं नाही. त्या आईचं ऐकलं की टोचणार, साहजिक आहे. पण ते उत्तर तू द्यायचं नाहीस, सेंटरने द्यायचं. नियम सगळ्यांना एकच हवा, बदलायची जागा उघडी, दुसऱ्यांना दिसेल अशी, दार लावून कोणीच मुलासोबत एकटं नाही, बाई असो की पुरुष. असा नियम लेखी असेल तर मुलं सुरक्षित आणि तूही. नसेल तर तुझ्या कॉलेजच्या शिक्षकांमार्फत मागणी कर. आणि फक्त पळापळीचे, उड्या मारायचे खेळ तुझ्यावर टाकतायत का तेही बघ, असं हमखास होतं. झोपवणं, भरवणं, गोष्ट वाचणं यातही तुझी पाळी लागलीच पाहिजे, नाहीतर कोर्स अर्धाच होईल तुझा.

एका बाळाच्या पाठीवर खाली निळसर डाग दिसला. मला भीती वाटली की मारलं असेल. कोणाला सांगितलं नाही अजून.

आज सांग. मुख्य ताईंना, आणि तुझ्या कॉलेजच्या शिक्षकांना. तो डाग जन्मापासूनचाही असू शकतो, सावळ्या कातडीच्या पुष्कळ बाळांना कमरेखाली निळे-करडे डाग असतात, ते दुखत नाहीत आणि आठवड्याभरात रंग बदलत नाहीत, मुका मार बदलतो. म्हणूनच चांगल्या सेंटरमध्ये प्रवेशाच्या वेळीच असे डाग लिहून घेतात. पण कोणता डाग कसला हे तू ठरवायचं नाहीस. चालणाऱ्या मुलाच्या नडगीला, गुडघ्याला, कपाळाला खरचटलेलं असतंच, पण कान, मान, पोट-पाठ इथे वळ दिसले, किंवा जे बाळ अजून हलायलाही लागलेलं नाही त्याला कुठेही वळ दिसला तर ते गंभीर धरायचं.

काय दिसलं, कुठे, किती मोठं, तारीख, वेळ, तुझी सही. फोनवर फोटो काढू नकोस. बोलणारं मूल असेल आणि त्याने काही सांगितलं तर त्याचेच शब्द लिही, ‘बाबांनी मारलं का’ असं सुचवून विचारू नकोस, आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन तर देऊच नकोस. मुख्य ताईंनी ‘जाऊ दे’ म्हटलं तर तिथे थांबायचं नाही, कॉलेजला कळव, तिथूनही हललं नाही तर बालसंरक्षणाचं काम बघणाऱ्या यंत्रणेकडे.

पुढच्या आठवड्यात पहिलं प्रॅक्टिकल आहे. काय घालून जाऊ?

जे खराब झालं तर वाईट वाटणार नाही ते. नखं कापलेली, केस बांधलेले, कानात-गळ्यात लोंबणारं काही नको कारण बाळं ते ओढतात आणि कान तुझा फाटतो. सेफ्टी पिना नकोत. उग्र सेंट नको. एक जास्तीचा टॉप बॅगेत असू दे. बूट पटकन निघणारे घाल, दिवसभर जमिनीवर बसायचंय.